वस्तादांच्या मानासाठी नांगरलेलं मैदान

आमचे ड्रिल मास्तर शाळा सोडून चालले, ही बातमी शिपायाने भूगोलाच्या तासाला खिडकीतून आत डोकं घालून दिली. मी तेव्हा नकाशावर बोट ठेवून उभा होतो. बोट कुठल्या नदीवर होतं ते आता आठवत नाही, पण ते तिथून घसरलं ते थेट समुद्रात गेलं आणि भूगोलाच्या मास्तरांनी मला बाकावर उभं केलं. बाकावर उभा राहून मी एकच विचार करत होतो: आता माझं कसं होणार?

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. सोलापुरात पोरं कुस्ती खेळत, हुतूतू खेळत, आट्यापाट्या खेळत. बास्केटबॉल हे नाव आमच्या पेठेत कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आमचे ड्रिल मास्तर मद्रासला व्यायामाचं शिक्षण घेऊन आले आणि येताना हा खेळ घेऊन आले. शाळेच्या मागे मुरमाचं मैदान होतं, कडक भाकरीसारखं खणखणीत. त्याच्या दोन टोकांना त्यांनी खांब रोवले. गिरणीत कापसाच्या गाठी यायच्या त्यांना लोखंडी पट्ट्या असत. त्या लोहाराकडून वाकवून घेऊन दोन कडी केली. जाळ्या विणून दिल्या त्या आमच्या संघातल्या सर्वांत उंच गड्याच्या वडिलांनी. हे तेलुगू विणकर, हातमागावर लुगडी विणणारे. जाळ्या अशा देखण्या झाल्या की बघत राहावं, पण दोन्हींना त्यांनी बूड ठेवलं होतं. बिनबुडाची पिशवी विणायला त्यांचा हातच धजेना. पहिले आठ दिवस चेंडू आत पडला की आम्ही तो खालून बांबूने ढोसून बाहेर काढायचो. शेवटी मास्तरांनी कात्री घेतली. तेव्हा उंच गडी कळवळून म्हणाला, "घरी नका सांगू सर, बापाला लई वाईट वाटंल."

संघ पाच जणांचा. चौघे ताडमाड, आणि पाचवा मी. मी इतका बुटका की प्रार्थनेला जन्मभर पहिल्या रांगेत. टोपलीत चेंडू टाकणं मला सात जन्मांत जमलं नसतं. पण मास्तरांनी एकदा मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "वर जाता येत नाही ना तुला? मग जमिनीजवळ खेळ." आणि त्यांनी मला चेंडू टपवत पळायला शिकवलं. गुडघ्याच्याही खाली, ठपठपठपठप. उंच पोरं वाकेपर्यंत मी त्यांच्या काखेखालून पसार झालेला असे. टोपलीखाली पोचायचं आणि चेंडू उंच गड्याच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. पण तेवढं काम शाळेत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि त्याची घमेंड माझ्या अंगात मावत नव्हती. नवा मास्तर येणार म्हणजे आधी उंची बघणार. उंची बघणार म्हणजे मी बाहेर. साधा हिशेब होता आणि तो मी बाकावर उभ्याउभ्याच करून टाकला होता.

मास्तर एका संस्थानात राजपुत्राला व्यायाम शिकवायला निघाले होते. आम्ही स्टेशनवर जाऊन त्यांना हार घातला, डोळे पुसले, गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत पळालो. आणि शेवटचा डबा दिसेनासा व्हायच्या आत कुणीतरी विचारलं, "आता कोण येणार रे?"

झालं. त्या दिवसापासून शाळेत दुसरा विषय नाही. बातम्यांचा उगम एकच, तो म्हणजे शिपाई. हेडमास्तरांच्या दाराबाहेर त्याचं स्टूल, टपाल त्याच्या हातून आत जाणार, त्यामुळे आमच्या लेखी तो सांगेल ते सरकारी गॅझेट. प्रत्येक बातमीच्या शेवटी तो म्हणायचा, "अपने कानां से सुन्या मैं. झूठ निकला तो मूंछां मुंडातूं." त्याला मिशा नव्हत्याच, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आलं.

पहिली बातमी आली ती पलटणीतल्या पेन्शनर हवालदाराची. मोठा कडक माणूस, सलाम चुकला की दिवसभर उभं करतो म्हणे. आम्ही लागलीच सलामाची तालीम सुरू केली. वाटेत दिसेल त्याला टाच आपटून सलाम. संस्कृतच्या शास्त्रीबुवांना आमच्या वर्गातल्या तीस पोरांनी ओळीने सलाम ठोकले तेव्हा त्यांना ती टवाळी वाटली आणि तिसांनाही शब्दरूपं लिहून आणावी लागली. चार दिवसांनी हवालदार मागे पडला आणि मद्रासचे एक साहेब पुढे आले, जे इंग्रजीखेरीज एक अक्षर बोलत नाहीत. मग आम्ही इंग्रजी बोलू लागलो. उंच गड्याने संध्याकाळी घरी गेल्यावर आईला "गुड मॉर्निंग" म्हटलं, तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिसरी बातमी मात्र जीवघेणी होती. मिशनच्या मुलींच्या शाळेतल्या एक बाई आपल्याला खेळ शिकवायला येणार! दुसऱ्या दिवशी मैदानावर तीसच्या तीस पोरं भांग पाडून हजर, डोक्यावर चमचमीत खोबरेल. त्या तेलाचे हात चेंडूला लागले, चेंडू माशासारखा हातातून निसटू लागला आणि निसटून हेडमास्तरांच्या कचेरीच्या तावदानावर गेला. हेडमास्तर बाहेर आले. त्यांनी चेंडू उचलला, हुंगला, आमच्या डोक्यांकडे पाहिलं आणि तो आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं. नवा मास्तर येईपर्यंत चेंडू बंद. हे कुलूप लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळे झाला.

कारण शनिवारी शिपायाने चौथी बातमी आणली. "पैलवान आरै. सोमवारसे. पक्का."

मैदानाच्या एका अंगाला कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे तालीम. संध्याकाळी तालमीतलं कुणी ना कुणी त्या भिंतीवर बसलेलं असे, पण खेळताना आमचं तिकडे लक्ष नसे. तिथले वस्ताद म्हणजे मोडलेल्या कानांचे, मांड्या खांबासारख्या, गावात शब्दाला वजन असलेले. कायमचा मास्तर मिळेपर्यंत हेडमास्तरांनी त्यांनाच मुलांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आणि येत्या शनिवारी तर आमचा पहिलावहिला सामना. बार्शीच्या एका शाळेत नुकताच हा खेळ सुरू झाला होता, त्यांना आमच्या जुन्या मास्तरांनी जाण्याआधीच बोलावणं धाडलेलं. हवालदाराने निदान सलामाकडे पाहिलं असतं. वस्ताद तर दंड चाचपून पोरं निवडणार. माझा दंड चाचपायचा तर आधी शोधावा लागला असता.

तेव्हा माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली. माझे काका तरुणपणी तालमीत जात. त्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं की नवा वस्ताद आखाड्यात पाय ठेवणार असला की शागिर्दांनी माती उकरून, चाळून, ताक-तेल-हळद घालून नवी करून ठेवायची. तो वस्तादाचा मान. ती मऊ माती बघितली की पोरं कोणत्या लायकीची आहेत ते वस्तादाला कळतं. मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणालो, "आपण सोमवारी वस्तादांचा मान करायचा. आपलं मैदान त्यांच्यासाठी नवं करायचं." आणि हे सगळं कुणाच्या पुढाकाराने झालं ते वस्तादांच्या कानावर आपसूक जाईल, हा मनातला भाग मी मनातच ठेवला.

तीस डोकी होती. त्यांतल्या एकातही चेंडू आला नाही. चेंडू कपाटात होता.

रविवारी सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि आम्ही मैदानावर उतरलो. टिकावाने मुरूम जागचा हलेना, तेव्हा शेतकऱ्याचा एक पोर होता तो म्हणाला, "थांबा की, औत आणतो." आणि त्याने खरंच बैलजोडी आणि नांगर आणला! शिपाई फाटक उघडून म्हणाला, "मेरेकू कुछ नै मालूम," आणि सावलीत बसून फर्मानं सोडू लागला. या टोपलीपासून त्या टोपलीपर्यंत नांगर फिरला. काय ते दृश्य होतं! आम्ही नांगराच्या मागे ढेकळं फोडत नाचत होतो. दगड वेचले, घरोघरच्या चाळण्यांनी माती चाळली, ओढ्याकाठची तांबडी माती गाडीने आणून वर पसरली. मग जो तो घरी पळाला आणि मिळेल त्या भांड्यातून ताक घेऊन आला. माझ्या आईने विचारलं, "एवढं ताक कशाला रे? आणि हळद? कुणाचं लग्न आहे का?" मी म्हणालो, "मान करायचाय." ती हसून म्हणाली, "कर बाबा," आणि वरून वाटीभर तेलही दिलं. दुपार कलेपर्यंत मैदान असं मऊ झालं की पाय घोट्यापर्यंत आत जावा. आम्ही त्यात कोलांट्या मारल्या, एकमेकांना पाडलं, हळदीने पिवळे झालो. इतकं हसलो की पोटात कळा आल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर वस्ताद आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, पाय अनवाणी. बरोबर हेडमास्तर, त्यांच्या हातात चेंडू. मी पुढे झालो, वाकलो, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली आणि म्हणालो, "या वस्ताद. तुमच्यासाठी माती नवी केली."

वस्ताद मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी हेडमास्तरांच्या हातातून चेंडू घेतला, छातीपर्यंत उचलला आणि सोडला.

थप्प. चेंडू पडला आणि पडला तिथेच बसला.

वस्तादांनी तो उचलला, या वेळी डोक्यावर धरला आणि सोडला. थप्प. अर्धा चेंडू मातीत. पहिल्यांदा उंच गडी फुटला. त्याने तोंडावर हात दाबला, पण नाकातून हसू निघालंच, आणि मग तीसही पोरं जमिनीवर लोळू लागली. हेडमास्तर नुसते "माझं मैदान, माझं मैदान" म्हणत होते. मी एकटा हसत नव्हतो. मला त्या थप्पमध्ये सगळं कळून चुकलं होतं. या मातीत चेंडू टपत नाही, आणि चेंडू टपवण्याखेरीज मला काही येत नाही.

हसणं थांबल्यावर वस्ताद म्हणाले, "आरं, मला निस्ता कुस्तीवाला समजला व्हय? दोन वर्सं झाली, सांच्यापारी त्या भिंतीवर बसून तुमचा ख्योळ बगतोय म्या. हेडमास्तरांनी इचारलं तवा एका पायावर हो म्हनलो." मग त्यांनी पोरांवरून नजर फिरवली. "त्यो बुटका कुटं हाय? चेंडू टपवत उंदरावानी पळतो त्यो? लई झ्याक खेळतो गडी. त्याला तर बगायला बसतो म्या."

"मीच तो, वस्ताद," मी म्हणालो.

"आन् माती कुनी उकरली?"

"मीच."

तेव्हा वस्तादांना हसू आवरेना. पटक्याच्या शेवाने डोळे पुसत ते म्हणाले, "म्हंजे सोताच्या पायाखालची भुई सोताच नांगरलीस की रं!" मीही रडता रडता हसलो. दुसरं काय करणार? दोन दिवस ज्याच्या भीतीने मी अर्धा झालो होतो, तो माणूस रोज माझ्यासाठी भिंतीवर येऊन बसत होता.

बार्शीवाल्यांना आता नको म्हणणं शोभलं नसतं. वस्ताद म्हणाले, "माती हाय तशी हाय. चेंडू भुईला लागूच द्यायचा न्हाय." चार दिवस त्यांनी चेंडू हातांतून हातांत फिरवायची तालीम घेतली. माझ्या जागी तो नांगरवाला पोर आला, आणि मला मिळाली जमीन ठोकायची धुम्मस. "ज्यानं भुई उकरली त्यानं ती ठोकायची. शनवार झाला की सुरू कर," एवढंच त्यांनी सांगितलं.

तो सामना ज्याने पाहिला तो जन्मात विसरला नसेल. बार्शीच्या कप्तानाने ऐटीत चेंडू खाली आपटला आणि वर यायची वाट बघत राहिला. चेंडू आला नाही. त्याने वाकून पाहिलं. तोवर उंच गड्याने तो उचलून पलीकडे फेकलाही होता. दर दोन मिनिटांनी कुणीतरी पाय रुतून पालथा पडे. भिंतीवर तालमीतले पैलवान ओळीने बसून शाबासकी देत होते, त्यांना खेळ आता कुठे समजू लागला होता. मी कडेला धुम्मस धरून उभा. खरं सांगतो, पहिला अर्धा वेळ मला वाटत होतं की आपण हरावं. माझ्यावाचून हे जिंकतात म्हणजे काय? पण नांगरवाल्याने पालथं पडता पडता चेंडू वर ढकलला आणि तो कड्यावर दोनदा फिरून आत गेला, तेव्हा मी धुम्मस टाकून जो ओरडत सुटलो, तो मैदानाच्या मध्यावर जाऊनच थांबलो. आम्ही जिंकलो. बार्शीवाले बिचारे कोपरापर्यंत पिवळे झाले होते. वस्ताद त्यांच्या कप्तानाला म्हणाले, "ही जीत खरी न्हवं, बाळा. महिन्यानं परत या. भुई कडक करून ठिवतो." माझ्याकडे बघूनच म्हणाले.

मग महिनाभर मी आणि ते मैदान. तेलकट माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारायचं, ठोकायचं. पहिले चार दिवस तिसांनी हात लावला, मग पंधरा, मग मी आणि उंच गडी. आणि वस्ताद. ते रोज पटका उतरवून भिंतीवर ठेवायचे आणि दुसरी धुम्मस घ्यायचे. ठोकता ठोकता म्हणायचे, "तुझे मास्तर शिकवायचे तवा म्या मनात म्हनायचो, आपल्यालाबी कुनी ह्यो ख्योळ शिकिवला असता तर." रोज काम झालं की ते चेंडू सोडायचे. आधी नुसतं थप्प. मग घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. ज्या दिवशी चेंडू माझ्या छातीपर्यंत आला त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यातच पडलो. ते म्हणाले, "पुरं, पुरं, घामानं भरलोय," पण बाजूला झाले नाहीत.

परतीच्या सामन्यात पाचवं नाव माझं होतं. मी उंदरासारखा पळालो, काखांखालून निघालो, चेंडू कुठल्या कुठे नेला. आणि आम्ही सपाटून हरलो! बार्शीवाले कडक जमिनीवर वाघ होते. मला मात्र हरल्यासारखं वाटेनाच. वस्ताद म्हणाले, "हरलास खरं. पर भुई झ्याक झाली." पटका बांधला, भिंत ओलांडून तालमीत गेले. त्यांचं काम त्या दिवशी संपलं होतं.

सोमवारी मद्रासचे नवे मास्तर येणार होते. शिपायाच्या स्टुलाभोवती पुन्हा गर्दी. उंच आहेत म्हणे, चष्मा आहे म्हणे. मी तिकडे फिरकलोच नाही. मला ऐकायचंच नव्हतं. मला आपले वस्ताद हवे होते.

नवे मास्तर भले निघाले. त्यांनी आम्हाला खेळवून पाहिलं आणि पाच नावं वाचली, त्यांत माझंही होतं. त्या नावासाठी मी केवढा आटापिटा केला होता! आणि ते ऐकताना मी भिंतीकडे बघत होतो. भिंत रिकामी होती. दुसऱ्या दिवशी रिकामी, तिसऱ्या दिवशी रिकामी. तेव्हा मी खेळ टाकून तालमीत गेलो. वस्ताद माती चाळत बसले होते.

"वस्ताद, भिंतीवर या की."

"नगं बाबा. नवा मास्तर हाय. त्याला वाटंल, जुना येऊन बसतोय उरावर."

"मग मी पळायचं कुणासाठी?"

त्यांनी चाळणी खाली ठेवली. मग हात झटकले आणि पटका शोधू लागले. मी आधी पळत मैदानावर गेलो. वळून पाहिलं तर ते भिंतीवर पाय सोडून बसत होते. नव्या मास्तरांनी त्यांना लांबून नमस्कार केला, शिट्टी वाजवली, आणि मी चेंडू टपवत निघालो.